जाताना जड, येताना हलकी

जनी : वायर खिडकीतून घे रं. दारातून घेतलीस तं कोंबड्या पाय अडकवतात. मागच्या गुरवारी सोडवून सोडवून कंबर गेली माजी.

दिनानाथ : खिडकीतूनच घेतली, मावशी. तासभर लावतो. लाइट जाणार नाही ना?

जनी : लाइट काय मला सांगून जाते? बस, पानी घे. पन रोह्यावरनं माज्या दारात येतोस तवरच कशी दमते ही तुजी विजेची गाडी?

दिनानाथ : इथे दमत नाही. इथून पुढे दमते, म्हणून आधीच पोटभर पाजून घेतो. भिसे खिंड चढते, नागोठणं मागे पडतं, काटा जागच्या जागी असतो. तुमच्या खाडीच्या बांधाची ती उघाडी आहे ना, पाणी सोडायचं दार, ती ओलांडली की काटा धपकन खाली. तिथून वडखळ, पेण, सगळा सपाट रस्ता. तरी दर गुरुवारी पेणला पोचेपर्यंत जीव जातो. शुक्रवारी येताना मात्र पिसासारखी येते.

जनी : येताना हलकीच असनार.

दिनानाथ : असणार म्हणजे?

जनी : काय नाय. तुजं सांग.

दिनानाथ : माझं काय, फसलो. पेट्रोल नको, किलोमीटरला चार आणे, असं कंपनीचा माणूस म्हणाला. दोन वर्षांनी बॅटऱ्या बदलायच्या आणि त्यात अर्ध्या गाडीची किंमत जाते, हे गिळून बसला. मी मिक्सर-पंखे विकतो, तर सासरे पेणभर सांगत सुटलेत, जावई मिक्सरात बसून येतात. आता पुरे झालं. बाळाला सव्वा महिना झाला. उद्या सकाळी मृणालीला आणि बाळाला माहेराहून घरी आणतो, आणि परवा गाडी महाडच्या गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो.

जनी : इकतोस?

दिनानाथ : इसार घेतला.

जनी : मंजे पेनला जायची ही शेवटची खेप.

दिनानाथ : हो. पण बाळाला घेऊन रस्त्यात बंद पडली तर? म्हणून पुण्याचा मेस्तरी बोलावला. त्याने सगळं उघडून बघितलं, बॅटऱ्या चोख म्हणाला. मग बाजूला घेऊन हळूच विचारतो, जाताना तुमच्याबरोबर कोण असतं? म्हटलं, मी एकटा. तो हसला. म्हणाला, साहेब, मला काय करायचंय, पण हा खर्च दोन माणसांचा आहे. बायको बाळंतीण, आणि माझ्याकडे असं बघून हसतो हरामखोर.

जनी : बाजूची सीट बगू.

दिनानाथ : नका बघू, पांढरे डाग पडलेत. बॅटरीचं ॲसिड उडालं असेल.

जनी : ॲसिडानं कापड जळतं. हे जळलंय? बोट लाव, चाट.

दिनानाथ : काहीतरीच काय, मावशी.

जनी : मग मीच चाटते. मीठ हाय. आमच्या आगरातलं, चिखलासंगट लागतं तसं.

दिनानाथ : मिठाची गोणसुद्धा कधी ठेवली नाही मी गाडीत.

जनी : उघाडीपाशी भोंगा मारतोस?

दिनानाथ : हॉर्न? नाही. त्यालाही बॅटरी लागते. जेवढी वाचेल तेवढी वाचवतो.

जनी : समदे मारतात. लॉरीवाला मारतो, एष्टीवाला मारतो. बैलगाड्या व्हत्या तवा गाडीवान जू वाजवायचे. उघाडीवर जे कोन उभं असल ते सरावं म्हनून. तू मारत नाय. आन तुज्या गाडीला आवाज पन नाय, गपचूप येते. तिला वाटलं असल, ही आपल्यासाठी हळू झाली.

दिनानाथ : कोणाला वाटलं?

जनी : माज्या पुतळीला.

दिनानाथ : तुमची मुलगी? ती तर बाळंतपणात गेली म्हणतात.

जनी : बाळंतपनात नाय गेली, रस्त्यात गेली. ब्याण्णवचा चैत. आगरात मीठ ओढत व्हती आन कळा सुरू झाल्या. पायाला मीठ, लुगड्याला मीठ, तशीच आनली रस्त्यावर, पेनच्या दवाखान्यात न्यायला. मी हात करून उभी. गाड्या काय कमी व्हत्या? साहेबांच्या जीपा गेल्या, लग्नाची गाडी गेली. थांबला कोन नाय. भोंगे मारले सगळ्यांनी, बाजूला व्हा म्हनून. सीटा घान झाल्या असत्या ना त्यांच्या. तिथंच गेले दोन्ही जीव. आन आता तेच तिला भिऊन भोंगा मारतात. जित्तीला पन भोंगा, मेलेलीला पन भोंगा.

दिनानाथ : मावशी, एका शुक्रवारी सासूबाई चिडल्या होत्या. रांगोळी कोणी फिसकटली म्हणून. गाडीपासून फाटकापर्यंत पांढरी पावलं होती, अनवाणी. मी म्हटलं, कामवाली असेल.

जनी : दवाखाना शोधत असल. तू तिला सासऱ्याच्या दारात सोडतोस, तिला पेनातलं काय म्हाईत? मग तेवढं पोट घेऊन चालत येते मागारी. गुरवारी रातची उघाडीवर नसते. शुक्रवारी मी तिथं दिवा लावायला जाते तवा असते. मला कळतं.

दिनानाथ : आणि हे मला आज सांगता? चार महिने मी तिला शेजारी घेऊन फिरलो?

जनी : आदी सांगितलं असतं तं तू भोंगा मारला असतास.

दिनानाथ : आजही मारीन. उद्या त्याच सीटवर मृणाली बसणार, तिच्या मांडीवर माझं बाळ. कसं बसवू त्यांना?

जनी : मार. तुला कोन धरतंय? तू काय येगळा हायस? पन येताना गाडी हलकी असते, ह्ये तूच बोललास ना?

दिनानाथ : हलकी असते.

जनी : मग ती पेनात उतरते. चुकीच्या दारात उतरते, एवढंच. आज सासऱ्याकडं जायच्या आदी दवाखान्याच्या दारात ने तिला. बाजूचं दार उघड. मग तू मोकळा, ती मोकळी. तुजी गाडी गेली का तिला घेनारी दुसरी गाडी नाय.

दिनानाथ : आणि नाही उतरली तर?

जनी : तिला तिचं पोर हवंय. तुज्या पोराचं काय करायचंय तिला?

दिनानाथ : तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही हाक मारलीत तर उतरेल.

जनी : दोनच तं सीटा. ती कुठं बसल?

(दिनानाथ वायर काढून गुंडाळतो.)

दिनानाथ : पुरती भरली नाही. पण दोघांना पेणपर्यंत पुरेल.

जनी : पुरल.

दिनानाथ : उघाडीपाशी थांबवतो. पण बसली, हे कळायचं कसं?

जनी : गाडी त्या अंगाला झुकल.

दिनानाथ : मग निघू?

जनी : नीग. आन दार आपटू नको बाबा, हळू लाव. अवघडलेली हाय ती.