लायटरमधली वायर

— नाही, ही वायर घेतली ते दुकान रोह्याच्या बाजारात होतं की पूल ओलांडून अष्टमीत, हे आता छातीठोक नाही सांगता येणार, धनेशराव. हल्ली आठवतं त्यातलं निम्मं मीच जुळवलेलं असतं, अशी शंका येते. साल चौऱ्याण्णव — की पंच्याण्णव? — असू दे. तुम्ही आलात गाडी विकत घ्यायला आणि विचारलंत काय, तर सिगारेट लायटरच्या भोकात ही वायर कसली. हिच्या वॉकमनची. हळू बोलतो, श्यामला आत चहा टाकतेय.

त्याचं असं, दर रविवारी आम्ही पेणहून रोह्याला जायचो, हिच्या माहेरी. आणि माहेरच्या शेजारी दामोदर. भजनात पेटी वाजवायचा. बरी वाजवायचा — चांगली वाजवायचा, खोटं कशाला बोलू. स्वतःच्या पेटीच्या कॅसेटी भरून द्यायचा हिला. मी गाडी चालवतोय आणि शेजारी ही कानात बोंडं घालून त्याच्या पेटीवर मान डोलावतेय. बरं, सेल संपायचे. तर हा गृहस्थ चार्जिंगचे सेल घरी भरून ठेवणार आणि आम्ही निघताना काचेशी येणार — "घे गो शामल, पेणपर्यंत पुरतील." गो! माझ्यासमोर. संसार माझ्याशी आणि सेल ह्याचे. ही म्हणायची, लहानपणची ओळख, त्यात काय? त्यात काय — खरंच काही नव्हतं. नव्हतंच. मला झोप लागायची नाही, ते वेगळं.

मग ठरवलं, अडॅप्टर आणायचा. गाडी माझी, बॅटरी माझी, त्याच्या सेलांची गरजच नको. दुकानदाराने पुढ्यात तीन-चार ठेवले. एकाला व्होल्ट बदलायचा खटका, एकाला निरनिराळ्या पिना, एक नुसताच स्वस्त. हा घेऊ की तो? व्होल्ट जास्त गेले तर वॉकमन जळणार आणि ही म्हणणार, मुद्दाम केलंत. कमी गेले तर पेटी रडणार — रडू दे म्हणा. दुकानदार म्हणाला, सर, वॉकमन आणा, लावून बघू, मग न्या. आमच्याकडे पद्धतच ती, चालवून बघितल्याशिवाय वस्तू उचलत नाय कोणी. पण वॉकमन हिच्या पर्समध्ये आणि त्यात त्याची कॅसेट. भर बाजारात त्याची पेटी वाजणार, आणि रोह्यात ती कोण ओळखणार नाही? मी म्हटलं, नको, रसायनशास्त्रात डॉक्टरेट आहे माझी, तीन व्होल्ट कळतात मला. आणि पिनांवाला उचलला.

लावला. लाल दिवा लागला. हिने बोंडं घातली, आवाजाचं चाक फिरवून बघितलं, मग मान डोलावली. "छान ऐकू येतंय," म्हणाली. संध्याकाळी दामोदर सेल घेऊन काचेशी आला, तर हिने त्याला सांगितलं, "आता नको रे, ह्यांनी सोय केलेय." त्याचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही! नागोठणं येईपर्यंत मी खूश. पुढे? पुढे तेच. सेल गेले, पण पेटी त्याचीच ना? मग मी बोलायला लागलो. हिला ऐकू येत नाही, तर काय हरकत? दर रविवारी, जाताना आणि येताना. त्याला शिव्या, हिला टोमणे. एकदा तर रस्त्याकडे बघत विचारलंसुद्धा — माझ्याशी लग्न लावलं तेव्हा मन त्याच्यावर होतं का गं? हिची मान डोलतच. कधी बोलता बोलता रडूही यायचं — काय सांगत बसलोय मी तुम्हाला. तिचा चेहरा शांत. मला वाटायचं, पेटी ऐकतेय.

दामोदर वारला, वॉकमन कपाटात गेला. आता गाडी विकायची, म्हणून परवा सहज अडॅप्टरला मीटर लावला. अधिक-उणे उलटं. पिन मीच उलटी खोचलेली, पहिल्या दिवसापासून. आणि ही पिन आत गेली की वॉकमन सेलांवरही चालत नाही, तेही उघडून पाहिलं. दिवा अडॅप्टरचा होता, तो लागायचाच. ही वायर लावल्यापासून ह्या गाडीत तो वॉकमन एकदाही वाजलेला नाही, धनेशराव. एकदाही —

ये, ये. ठेव इथे. — टायर नवे आहेत, बघून घ्या.