झाकण लावलेला रांजण

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या विभागाच्या संचालक बाई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे, ज्यांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी आपण सगळे 'मोठे साहेब' म्हणतो ते आपले माजी संचालक, उत्खननातले आणि संग्रहालयातले माझे सोबती, आणि मी काय बोलेन या धास्तीने शेवटच्या रांगेत जाऊन बसलेली माझी बायको, आपणा सर्वांना नमस्कार.

घरातून निघताना बायकोने बजावलं होतं, "दोन शब्द बोला आणि खाली बसा. जुनं काही उकरून काढू नका." उत्खनन विभागात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सांगण्यात काही अर्थ आहे का, तुम्हीच सांगा. तरीही मी आभार मानून बसणारच होतो. पण मघाशी मोठे साहेब कौतुकाने म्हणाले की या माणसाची रेघ कधी चुकली नाही. आता गप्प बसणं कठीण आहे.

मी आरेखक. चर खणला की त्याच्या भिंतीत मातीचे थर दिसतात. ते मोजून कागदावर उतरवायचे, एवढंच माझं काम. त्याचा पहिल्या दिवशी शिकवला जाणारा एक नियम आहे. डोळ्यांनी पाहिलं असेल तिथे अखंड रेघ. नुसता अंदाज असेल तिथे तुटक रेघ. तुटक रेघ म्हणजे आरेखकाने दिलेली कबुली असते, की बाबांनो, इथलं मला ठाऊक नाही.

टेकडीखालच्या शहराची कथा आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. राजाने पाहुण्याला दिलेला शब्द मोडला, आकाशातून आग पडली, आणि एका दिवसात शहराची राख झाली. त्या कथेवर माझा राग नाही, मी ती माझ्या मुलीला सांगितली आहे. अठरा वर्षांपूर्वी आपण तिथे सातव्या क्रमांकाचा चर खणला. दोन्ही टोकांना राख लागली, चांगली हातभर जाड. मधले सहा मीटर पुढच्या हंगामासाठी राखून ठेवले होते. मी त्या सहा मीटरवर तुटक रेघ काढली.

साहेबांनी कागद पाहिला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, इकडे राख, तिकडे राख, मध्ये काय आकाश आहे का? जोडून टाक." मी जोडून टाकली. किती वेळ लागला असेल? पेनात शाई भरण्याइतकासुद्धा नाही. त्या रेघेवर बातम्या आल्या, साहेबांचं पुस्तक आलं, आणि कथा खरी ठरली म्हणून लोक टेकडीवर येऊन मूठमूठ माती घरी नेऊ लागले.

पुढच्या हंगामात मधला भाग खणला तो त्या चराच्या प्रमुख बाईंनी. आम्ही सगळे त्यांना ताई म्हणायचो. त्यांनी मला हाक मारली, "खाली उतर आणि बघ." मी उतरलो. राखेचा कण नव्हता. साधी सारवलेली जमीन होती आणि कोपऱ्यात एक रांजण उभा होता, झाकण लावलेला. धूर लागलेला नाही, तडा गेलेला नाही. दोन्ही टोकांची राख कुंभाराच्या दोन भट्ट्यांची निघाली. ताई म्हणाल्या, "आग लागली असती तर झाकण लावायला कोण थांबलं असतं? कुणी बाई सावकाश आवराआवर करून घर सोडून गेली आहे. परत येणार होती बिचारी. हा रांजण कागदावर काढ." मी म्हणालो, "उद्या काढतो."

तो उद्या आला नाही. ताईंनी रोजवहीत 'राख नाही' असं लिहिलं आणि पुस्तकात दुरुस्ती मागितली. समिती बसली. एका बाजूला ताईंची वही, दुसऱ्या बाजूला माझं चित्र. मला विचारलं, "ही रेघ तुम्ही पाहून काढली का?" मी उत्तर दिलं, "रेघ माझ्याच हातची आहे."

किती हुशारीचं उत्तर होतं, नाही? त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. आठवड्याभरात ताईंची बदली कोठारात झाली, आणि त्याच आठवड्यात बायकोच्या ऑपरेशनसाठी मला महिन्याची रजा मिळाली. साहेबांनी ती मनापासून दिली होती, हेही मी सांगितलं पाहिजे. ताईंनी नऊ वर्षं खापरांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. तो रांजणही तिथेच गेला. त्याच्या चिठ्ठीवर वरून आलेल्या हुकमाप्रमाणे लिहावं लागलं, 'किरकोळ'. त्या निवृत्त झाल्या तेव्हा असं सभागृह नव्हतं, भाषण नव्हतं. मीही त्या दिवशी कामावर आलो नाही. डोकं दुखतं म्हणून कळवलं होतं.

गेल्या आठवड्यात आजचं निमंत्रण घेऊन त्यांच्या घरी गेलो. म्हणाल्या, "मी आले तर टाळ्या वाजवाव्या लागतील. माझे हात दुखतात." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं. "माफीचं नंतर बघू. पुढच्या आठवड्यात संग्रहालयाचं नवं दालन उघडतंय ना? तुझी रेघ भिंतीवर रंगवली आहे म्हणे, मागून लाल दिवे सोडून. पोरं तिला हात लावून बघणार. आधी ती खोडून ये."

संचालक बाई, आपली परवानगी मी घेतली नाही. घ्यायला आलो असतो तर समिती नेमली गेली असती. काल दुपारी, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मी दालनात गेलो आणि मधल्या सहा मीटरची रेघ पात्याने खरवडून काढली. पहारेकरी विचारत होता, "साहेब, रंग बिघडला होता का?" मी म्हटलं, "रंग चांगला होता." मग त्या मोकळ्या जागेत, मोजून, नेमक्या खोलीवर मी तो रांजण काढला. झाकणासकट. अखंड रेघेने, कारण तो मी पाहिला होता.

मोठे साहेब, आपण उठू नका, माझं झालंच आहे. उद्या भिंत पुन्हा रंगवायची तर खुशाल रंगवा. फक्त ती रेघ आता दुसऱ्या कुणाच्या तरी हातची असेल.

आपण इतक्या आपुलकीने निरोप दिलात, भिंतीवरचं घड्याळ दिलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला काही लागलं असेल तर ते पोटात घाला. रेघेची माफी मात्र मी इथे मागत नाही, ती या सभागृहाने द्यायची नाही. ताईंचं घर इथून वीस मिनिटांवर आहे आणि त्या लवकर दार लावून घेतात. म्हणून चहाला थांबत नाही. नमस्कार.