पंधराचे चौदा

हसू नका, पण सातबाऱ्यावरच्या १.१५ चे एक हेक्टर आणि पंधरा आर असे दोन तुकडे करणारा प्रोग्राम मी महाडात लिहिला होता. पोलादपूरचे धोंडूकाका प्रिंट घेऊन परत आले.

“एक हेक्टर चौदा आर छापलंस रे. माझी गुंठाभर जमीन गेली कुठं?”

“काका, कॉम्प्युटर १.१५ हा आकडा किंचित कमी धरतो. मी पुढचे दशांश कापले, म्हणून चौदाच उरले.”

“किंचित म्हंजे किती?”

“केसाएवढंही नाही.”

“आमचा चुलतभाऊ जनू जन्मभर बांध कोरतोय. त्याला एवढं जमलं नाय.”

मी चूक दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी जनूभाऊ दारात.

“ती चौदावाली प्रिंट हाय काय रे?”