दाराशी पुरलेलं हाड

(सोलो शहरातलं इस्पितळ. कोपऱ्यातल्या खाटेवर किनासिह. उशाशी तिचे वडील विर्यो, गावात सोयाबीनच्या तेंपेच्या वड्या करून विकणारे.)

किनासिह : शी! जेवणाच्या ताटापुढे काय सांगताय हे, बाबा? हातांनी धुतलंत ते?

विर्यो : मग काय पायांनी धुवू? तुझ्या मांडीतून काढलेलं, तपासून उरलेलं हाड इस्पितळाने माझ्या हवाली केलं. पुरायचं तर धुवूनच.

किनासिह : हाड कसलं? गाठ होती ती. मांडीत बसून वर्षभर मला खात होती.

विर्यो : पण हाड तर तुझंच ना?

किनासिह : होतं. आता तिथे गुडघ्यापर्यंत लोखंड आहे. कुशीवर वळले की वाटतं, आत कुणी परकं निजलंय. पट्टी बदलताना डोळे मिटून घेते मी.

विर्यो : नर्सबाई म्हणाल्या. नवा गुडघा वाकवूही देत नाहीस. असाच ताठ राहील तो, पोरी.

किनासिह : राहू दे! किळस येते मला, माझ्याच पायाची. कुठे पुरलंत ते? आईच्या कबरीशेजारी नाही ना?

विर्यो : नाही गं. कबरस्तानात नेलंच नाही.

किनासिह : मग?

विर्यो : आपल्या दाराशी. तू जन्मलीस तेव्हा तुझी वार पुरली होती तिथेच. तीही मीच धुतली होती. तुझी आई ग्लानीत होती, शेजारणी नाक मुरडत होत्या.

किनासिह : तुम्हाला शिसारी नाही आली?

विर्यो : तेव्हा? छे.

किनासिह : आणि या वेळी?

विर्यो : ...आली. ओकलो. हात घासघासून धुतले, तरी दोन दिवस तेंपेला हात लावायचा धीर होईना.

किनासिह : बघा! तुम्हालाही.

विर्यो : खालचं टोक बघवत नव्हतं. पोखरलेलं, काळंनिळं. वरचं मात्र पांढरंशुभ्र होतं गं. तू पहिल्यांदा उभी राहिलीस ती त्याच्यावरच. पुरायच्या मडक्यात ठेवताना हुंदका आवरला नाही.

किनासिह : आणि मी रोज त्या घाणीवरून ये-जा करायची?

विर्यो : तुला विचारायला हवं होतं. चुकलंच. उद्या जाऊन उकरतो, लांब नेऊन पुरतो.

किनासिह : परत हात घालणार त्यात?

विर्यो : घालीन की.

किनासिह : नको. असू दे तिथेच. पण त्या जागी पपई-बिपई काही लावू नका हं, बाबा. मी खायची नाही.