मेहुण्याच्या गाडीचं इंजिन

…आणि वर मलाच म्हणतात, हा थापा मारतो! अहो, थापा मारायला डोकं लागतं, आणि ते असतं तर मी दिवाळे गावच्या धक्क्यावर बर्फ फोडत बसलो असतो काय? तुम्हाला सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे, हवं तर खाडीचं पाणी हातात घेऊन सांगतो. सत्त्याऐंशी साली रोहिदासच्या अंगणात उभी असलेली ती लालभडक जपानी स्पोर्ट्‌स गाडी मी या डोळ्यांनी पाहिली. म्हणजे… लाल अशी नव्हती, पिवळी होती. पण पिवळी म्हटलं की ऐकणाऱ्याला टॅक्सी दिसायला लागते, म्हणून आपण लाल धरू. एवढं सोडलं तर सगळं खरं.

आता रोहिदास कोण? दिवाळे गावातला कोळी. त्याला एक बोट, एक बायको वेणूबाई, आणि बायकोला एकच भाऊ, पोपट. हा पोपट दुबईला क्रेन चालवायचा. तिकडून त्यानं ही गाडी बोटीवर चढवून आणली, महिनाभर बेलापूरच्या रस्त्यावरून अशी काही उडवली की वेणूबाईची मान महिनाभर खाली आली नाही, आणि रजा संपल्यावर चावी भावोजींच्या हातात ठेवून तो परत गेला. जाताना एकच सांगून गेला, की ही गाडी वेगळी आहे, हिला दर आठवड्याला थोडं ऑइल घालावं लागतं, ते विसरू नका.

झालं! रोहिदास घालतोय ऑइल, आठवडा संपला की ऑइल गायब. पुन्हा घातलं, पुन्हा गायब. खाली वाकून बघतो तर जमिनीवर थेंब नाही. मग जातं कुठं? आता हा माणूस दोन वर्षांपूर्वीपर्यंत स्वतः रोज संध्याकाळी गुत्त्यावर असायचा, आणि वेणूबाईनं त्याची दारू सोडवली होती ती एका दिवसात, एकदम बंद करून. त्यामुळं त्याला अनुभव. त्यानं गाडीकडं बघितलं आणि आपलाच जुना चेहरा ओळखला. म्हणाला, हे व्यसन आहे, थोडं थोडं देऊन सुटत नसतं. आणि तुम्हाला सांगतो, त्यानं ऑइल एकदम बंद केलं! चार दिवस गाडी थरथरली, पाचव्या दिवशी खोकली, सहाव्या दिवशी उरण फाट्यावर गप्प झाली ती झालीच. आणि हा आनंदात, की सुटली एकदाची.

बैलगाडीला बांधून घरी आणली तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरला. कारण बायकोच्या भावाची गाडी! स्वतःची बोट बुडाली तर माणूस पोहून बाहेर येतो, मेहुण्याची गाडी बुडाली तर येणार कुठून आणि जाणार कुठं? तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच… इंजिन बदलायचं का बांधायचं?

पहिल्यांदा हिरामणला बोलावलं. हिरामण म्हणजे गावातल्या सगळ्या बोटींचा मेकॅनिक, आवाजावरून सांगणारा, की कुठल्या बोटीचा कुठला नट सैल आहे. त्यानं बाह्या सरसावल्या, सगळं खोललं, आत हात घातला, चाचपला, आणि हळूच बाहेर काढला.

"रोहिदास," म्हणाला, "पिस्टन नाय हाय."

"नाय म्हंजे?"

"चोरीला गेलंय."

अहो, सगळा गाव जमला. पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाही, आत नुसते दोन लोखंडी समोसे! मोठ्या करंजीच्या साच्यात समोसा बसवावा तसे. आता आमच्या लोकांनी आयुष्यात पिस्टन नसलेलं इंजिन पाहिलेलं नाही. कोणी म्हणालं, चोरी दुबईत झाली, कोणी म्हणालं, गोदीत. हिरामण तर तक्रार नोंदवायला पोलीस चौकीत गेला. तिथल्या हवालदारानं गंभीरपणे विचारलं, की मग चोरानं आत समोसे का ठेवले? हिरामण म्हणाला, वजन भरायला.

शेवटी रबाळ्याहून गंगारामला आणलं. गंगाराम तिथल्या कारखान्यात फिटर, मूळ महाडकडचा, नेरूळला भाड्यानं राहायचा, आणि वाचणारा माणूस. त्यानं समोसा हातात घेतला, डोळे मिटून गोल फिरवला आणि म्हणाला, "रोहिदासदादा, चोरीबिरी काय नाय. हे इंजिन असंच असतं. याच्या कोपऱ्यांना पट्ट्या असतात, त्या ऑइलवाचून झिजल्या. टेन्शन घेऊ नका, मी घासून देतो, आपण हेच बांधू."

हिरामणला ते लागलं. त्याचं म्हणणं, ज्याला पिस्टन नाही ते इंजिनच नव्हे. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, रोहिदासच्या बोटीचं डिझेल इंजिन नुसतं पोत्याखाली पडलंय, तेच उचलून गाडीत टाकू. गंगाराम म्हणतो बांधा, हिरामण म्हणतो बदला, एक इकडून ओढतोय, एक तिकडून, आणि मध्ये रोहिदास… स्थळ बघायला आलेल्या दोन घरांना चहा देणाऱ्या बापासारखा. बदलायचं का बांधायचं?

आधी बांधून पाहिलं. गंगारामनं पंधरा दिवस सुट्टीच्या वेळात पट्ट्या घासल्या, केसासारख्या मापात. इंजिन लागलं, आणि तुम्हाला सांगतो, काय तो आवाज! मधमाश्यांचं आख्खं पोळं रागावल्यासारखा. मोजून अकरा मिनिटं. बाराव्या मिनिटाला असा पांढरा धूर निघाला की ओटीवर टांगलेल्या सुक्या बोंबलांचा रंग बदलला. गंगाराम धुरातून बाहेर आला तो एवढंच म्हणाला, की पट्टीचा धातू चुकला.

मग बदललं. बोटीचं इंजिन बसलं, पण बॉनेट काही बसेना, ते जाळ्याच्या दोरीनं अर्धवट बांधलं. बोटीच्या गिअरला पुढं आणि मागं एवढंच माहीत, त्यामुळं ती स्पोर्ट्‌स गाडी दोन्ही दिशांना सारख्याच वेगानं जायची, म्हणजे माझ्या चालण्यापेक्षा जरा कमी. टुक टुक टुक टुक… पोरी पाणी भरायला तिच्या पुढं निघून जायच्या. पण चालायची हो! रोहिदास रोज देवळापर्यंत जायचा, आणि तेवढंच अंतर उलटं परत यायचा.

आणि मग पोपटचं पत्र आलं. नारळी पौर्णिमेला येतोय, आठ दिवस राहणार, गाडी तयार ठेवा.

कळलं का तुम्हाला? नारळी पौर्णिमा! त्या दिवशी आमच्याकडं दर्याला नारळ देतात आणि बोटी पाण्यात लोटतात. इंजिन एक, आणि त्याच दिवशी ते बोटीलाही हवं आणि गाडीलाही. बोट नाही लोटली तर हंगाम गेला, गावात तोंड दाखवायची सोय नाही. गाडी नाही दाखवली तर घरात तोंड दाखवायची सोय नाही. हिरामण म्हणाला, इंजिन काढायचं का ठेवायचं, तूच सांग, मी पान्हा घेऊन उभा हाय. रोहिदास दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, काढ. बोटीवर पोट हाय. आणि सरळ आत जाऊन त्यानं वेणूबाईला सगळं सांगितलं, ऑइलच्या व्यसनापासून.

रोहिदासला वाटलं, आता आभाळ कोसळणार. तिनं मासळीची पाटी खाली ठेवली, अंगणात हिरामणनं इंजिन उतरवलंच होतं, तिकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, "गारीचं नाक वर आलंय, वजन नाय म्हनून. बोटीचा जुना नांगर टाका तिच्यात."

नांगर टाकला, वर फाटकी जाळी टाकली, नाक खाली आलं, बॉनेट झकास बसलं. वेणूबाईनं आत जाळीवर नारळ ठेवला, वरून हळद-कुंकू, झेंडूच्या माळा, आणि पोपट आल्याबरोबर त्याला सांगितलं, की गाडी पूजेला बसवलीय, आठ दिवस हलवायची नसते. असा रिवाज आमच्या कुठल्याही पिढीत नव्हता, पण ती इतक्या ठामपणे बोलली की शेजारच्या चांगुणाबाईनं आपल्या नवऱ्याची सायकलसुद्धा पूजेला बसवली. पोपट आठ दिवस राहिला, बोट पाण्यात गेलेली पाहिली, बांगडा खाल्ला, बॉनेटला हात लावला नाही, आणि खुशीत दुबईला गेला. रोहिदासची अब्रू वाचली!

…काय बघताय असं? बरं बाबा, सांगतो. बाकी सगळं खरं, तो शेवट तेवढा मी घातला. बॉनेटला हात लावला नाही, हे खोटं. तिसऱ्याच दिवशी दुपारी सगळे जेवून पडले असताना त्यानं ते उघडलं. रोहिदास ओटीवर जागाच होता, त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. पोपटनं आत पाहिलं. नांगर. जाळी. नारळ. मग दारात उभ्या असलेल्या बहिणीकडं पाहिलं. बॉनेट आवाज न करता लावलं. जायच्या दिवशी पाया पडताना मात्र रोहिदासच्या कानाशी हळूच म्हणाला,

"भावोजी, नांगर राहू दे. नारळ तेवढा बदलत जा, कुजला तर वास सुटेल."

तेव्हापासून रोहिदास दर पुनवेला बॉनेट उघडतो आणि नारळ बदलतो. जुना चांगला निघाला तर वेणूबाई त्याचं कालवण करते. इंजिनाचं काय, ते अजून ठरतंय.