फाट्यापर्यंतची चाकं

(जव्हार. भावेशची भाड्याची खोली. त्याची मोठी बहीण वेणू पोशेऱ्याजवळच्या पाड्यावरून नागलीचं पीठ घेऊन आली आहे.)

वेणू : मघापासून फोनवर एकच सायकल बघतोयस. मुलगी बघायला गेलास तेव्हा एवढा वेळ नाही लावलास.

भावेश : सायकल ठरलीय, ताई. चाकं राहिलीत. सातशे मिलिमीटरची मोठी, त्यावर अडतीसचं बारीक टायर. नाहीतर साडेसहाशेची जरा लहान, त्यावर सत्तेचाळीसचं जाड. फ्रेममध्ये दोन्ही बसतात.

वेणू : मंग अडलं कुठं?

भावेश : बारीक टायर डांबरावर सुसाट. जाड टायरात हवा कमी ठेवता येते, खडीवर घसरत नाही. पण जड. रविवारी ऑफिसातले सगळे सायकलने शिरपामाळला जातात, त्यांच्या मागे राहीन. आणि फोटोत दिसेल कसं? म्हशीला बूट घातल्यासारखं.

वेणू : फोटो झाला. घरी कधी?

भावेश : त्यासाठीच घेतोय ना! जीपची वाट बघायला नको. फाट्यापर्यंत डांबर आहेच.

वेणू : आणि फाट्यावरून वर पाड्याला?

भावेश : तो रस्ता मंजूर झालाय. मी स्वतः कागद पाहिलाय.

वेणू : मंग कागदावर चालव सायकल.

भावेश : होईल गं, पुढच्या उन्हाळ्यात.

वेणू : गेल्या उन्हाळ्यातही मंजूरच होता. तुझं ठरलेलं रे. फाट्यावर उतरायचं, फोन करायचा, ‘आई, खाली ये.’ ती डोक्यावर पीठ घेऊन उतरणार. तू पिशवी घेणार, पाया पडणार, मिळेल त्या जीपने परत. आता तर जीपचीही वाट बघायची नाही. पाया पडायला तरी थांबशील ना?

भावेश : तिलाच आवडतं यायला. म्हणते, तेवढंच चालणं होतं.

वेणू : तुला म्हणते. या खेपेला पीठ मी का आणलं, विचारलंस?

भावेश : तुझं काही काम असेल इकडे.

वेणू : ओहोळापाशी घसरली ती. गुडघा सुजलाय. मोडलं नाही काही, तोंड असं करू नको. तुला सांगायचं नाही म्हणाली. काठी घेऊन उतरेन म्हणते.

भावेश : मला कळवायचं तरी!

वेणू : कळवून? फाट्यापर्यंत आला असतास.

(भावेश फोनवरची चाकं वरखाली करत राहतो.)

वेणू : चहा निवला तुझा.

भावेश : ओहोळापलीकडे अजून दगडच आहेत?

वेणू : दगडच. मधेमधे रस्ता आहे.

भावेश : आणि तो चढ?

वेणू : ढकलत आणशील. सगळा पाडा हसायला येईल.

भावेश : हसू दे.

वेणू : काय दाबलंस ते?

भावेश : म्हशीचे बूट.

वेणू : कधी येतात?

भावेश : महिना तरी लागेल.

वेणू : आणि तवर?

भावेश : उद्या तुझ्याबरोबर येतो. आईला फोन लाव.

वेणू : काय सांगू?

भावेश : फाट्यावर येऊ नको म्हणावं.