झोपमोड नको म्हणून

रात्री तिला मुक्कामाला ठेवून घेणाऱ्या आजीबाईंची झोपमोड नको म्हणून झुझाना पहाटे बूट हातात घेऊनच बाहेर पडली होती. ब्रनो शहरातल्या बसस्टॉपवर तिच्या मागे एक म्हातारा आणि त्याची शेजारीण बोलत होते.

“हात कसा रे मोडला, बोहुश?”

“न्हाणीघरात पडलो. ओरडायला आवाजच फुटेना.”

“घरात तो सॅकवाला पाहुणा होता ना?”

“होता की. चोरपावलांनी जिना उतरला, दारसुद्धा अलगद लावून घेतलं. गुणी पोरगा.”

“आणि तू?”

“मी पडलेलाच. दुसऱ्या दिवशी पोस्टमन आला.”

“आता तरी पाहुणे बंद कर.”

“मग घरात माणूस कुठून आणू, यार्मिला? पुढच्याला सांगेन, जाताना दार आपटून जा.”

बस आली. झुझाना जागची हलली नाही.